काळ्या तोंडाचा माणूस

पळसमाची, ता. पोलादपूर
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप काकांना सेजलचा नमस्कार.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथं उभं राहून बोललं की संध्याकाळी माझंच बोलणं मला चार घरांतून परत ऐकायला मिळतं. शिवाय तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही माझ्यावर रागावता.

गणपतीत तुम्ही तुमच्या वाट्याची पडवी मला रविवारच्या चित्रकलेच्या वर्गासाठी दिलीत, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आमच्या वाट्याची पडवी आईच्या लाकडांनी आणि गवताने भरलेली, तिथं मांजर बसायला जागा नाही. आता दर रविवारी दोन्ही वाड्यांची मिळून वीसेक मुलं येतात. सुरुवातीला सगळ्यांनी एकच चित्र काढलं: दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळ. काका, आपल्या डोंगरावर एक नारळ नाही! समोरचा डोंगर माथ्यावर सपाट आहे. जन्मापासून बघतात, पण काढतात पुस्तकातला. म्हणून मी सांगितलं, आता आपापल्या वाडीतलं घर काढा.

ती चित्रं सोबत पाठवते आहे. पडवी तुमची, तेव्हा पहिला मान तुमचा. एसटी सुटायच्या घाईत गठ्ठा बांधला, त्यामुळे काही कागद मुडपलेत. वरचंच चित्र येसाजीबाबांच्या नातीचं, अक्षदाचं आहे. दुसरीत आहे, पण हात बघा कसा मोकळा चालतो तिचा. स्वतःचं सोडून तिनं तुमचं-आमचं घर काढलंय.

आई बरी आहे. तुमच्या वाट्याला ती महिन्यातून एकदा मागच्या दारानं जाऊन वाळवी बघते. पुढच्या दाराला तुम्ही लावलेलं कुलूप तसंच आहे.

तुमची
सेजल

---

विक्रोळी
५ डिसेंबर २०२४

चि. सेजल,

आशीर्वाद. त्यातले किती परत घ्यायचे ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

चित्रं मिळाली. अक्षदाचं चित्र मी भिंतीला टेकवून दोन दिवस बघतोय. घर आपलंच, फणसावरून ओळखलं. डाव्या दारातून तुझी आई चुलीपाशी बसलेली दिसते. ठीक. उजवं दार माझं. ते उघडं आहे. सताड उघडं! आत एक माणूस बसलाय, पुढ्यात ताट. आणि त्या माणसाचं तोंड काळं आहे. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता काळा गोळा.

मुली, मी चाळीस वर्षं कंपनीच्या कँटीनचा स्टोअर सांभाळला. कोण पिशवीत काय नेतो ते मला चालीवरून कळायचं. तेव्हा सरळ विचारतो. बिरवाडीत कंपनीतल्या पोरांना खोल्या मिळत नाहीत, एकेका खोलीत पाच-पाच जण झोपतात, हे मला इथं बसून ठाऊक आहे. तुझ्या आईनं माझ्या वाट्यात भाडेकरू घातलाय का? आणि त्याचं तोंड काळं करायला पोरीला कोणी सांगितलं? तू, की तुझी आई?

दुसरं. डावीकडची चूल आणि उजवीकडचं ताट यांच्यामधे भिंतच नाही. तुझ्या आजोबांच्या, भिकूबाबांच्या मागं आम्ही भावांनी वाटे केले तेव्हा ती मधली भिंत मी उभं राहून घालून घेतली होती. तुझा बाप, भरत, असेपर्यंत तिच्यावर एक खिळा कधी ठोकला गेला नाही. ती भिंत कुठं गेली?

किल्ली वाळवी बघायला दिली होती, वस्ती करायला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय. दाराचा फोटो काढून पाठव.

काका

---

पळसमाची
१५ डिसेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाडेकरू? माझ्या गोठ्यात गाय ठेवायला जागा नाय, नि मी भाडेकरू ठेवू? लिही त्यांना, डोल्याचं औषध घ्या." म्हणाली तसंच लिहिलं, राग मानू नका.

फोटो पोलादपूरहून छापून आणला, सोबत आहे. कुलूप बघा, गंज पण दिसेल. भिंतही जागेवर आहे. तुमच्या वाट्यात भाडेकरू नाही, आईची शपथ.

आता अक्षदाचं. काका, लहान मुलं डोळ्याला दिसतं ते काढत नाहीत. त्यांना जे ठाऊक असतं ते काढतात. गाय बाजूने काढली तरी चारही पाय एका रांगेत काढतील, कारण गाईला चार पाय असतात हे ठाऊक आहे. घर काढलं तर भिंत काचेची असल्यासारखं आतलं सगळं दिसणार, कारण आत चूल आहे हे त्यांना माहीत आहे. दार उघडं असतं, कारण दार असतंच उघडायला. रिकामी खोली मुलांच्यानं ठेववत नाही, म्हणून तिनं एक माणूस बसवला. तोंड रंगवताना तेलखडू गिरगटला असेल. ही सगळ्याच मुलांची रीत आहे, आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं.

तुम्हाला खोटं वाटत असेल तर स्वतः करून बघा. तुमचा चहाचा कप समोर ठेवा. पेन्सिल कागदावर टेकवा आणि कागदाकडे अजिबात न बघता, नजर कपाच्या कडेवरून मुंगीसारखी हळू फिरवत काढा. जे येईल ते वेडंवाकडं येईल, पण ते तुम्ही बघितलेलं असेल. नंतर न बघता, डोक्यातून तोच कप काढा. दोन्ही मला पाठवा. तपासून देईन.

सेजल

---

विक्रोळी
२९ डिसेंबर २०२४

चि. सेजल,

फोटो मिळाला. कुलूप आहे. पण फोटो काढणारा कुठं उभा राहिला ते त्याच्याच हातात असतं. तू पुढं उभी राहिलीस. मागच्या दाराचा फोटो कुठं आहे?

कप काढला. दोन्ही सोबत पाठवतोय. बघून काढलेला कप बशीतून घसरून पडल्यासारखा आलाय आणि त्याचा कान वेगळाच कुठंतरी गेला. डोक्यातून काढलेला दुकानाच्या पाटीवर असतो तसा गुळगुळीत आला. शेजारच्या आनंदीबाई डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनी दुसऱ्याला चांगलं म्हटलं. मीही म्हटलं असतं. पण मग बारकाईनं बघितलं तर माझ्या कपाच्या काठाचा एका बाजूला टवका उडालेला आहे, तो पहिल्या चित्रात आलाय आणि दुसऱ्यात नाही. वर्षानुवर्षं त्या कपातून चहा पितो. तेव्हा तुझं म्हणणं अर्धं मान्य. अर्धं शिल्लक ठेवलंय.

मला रिकामपण फार आहे, त्याचा तू फायदा घेतेस हेही कळतं. काकाला पेन्सिल दिली की काका गप्प बसेल! बरं, पुढचा अभ्यास पाठव.

आमच्या विनीतबद्दल तुझ्या आईनं मागं विचारलं होतं. गेल्या शिमग्यापासून तो या घरात नाही. कुरिअर कंपनीतली चांगली नोकरी सोडून गावाला जाऊन राहायचं म्हणत होता. मी म्हणालो, या शहरात खोली घेताना माझी हाडं झिजली, ती तू परत डोंगरावर जावंस म्हणून नव्हे. जायचं तर जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बोललो ते बरोबरच बोललो. त्याचा दोस्त अश्विन सांगतो, नाशिकला आहे. असेल. गावाला जायची ऐट दोन दिवसांत उतरली म्हणायची.

काका

---

पळसमाची
१२ जानेवारी २०२५

ती. काका,

कप तपासले. पहिल्याला शाबासकी. त्याचा काठ खरा आहे. आता माणूस काढायला घ्या. बसलेला, उभा, कसाही. मात्र नाक-डोळ्यांच्या मागं लागू नका. आधी एकूण आकार बघा: डोकं खांद्यावर कसं बसलंय, वजन कुठल्या बाजूला आहे.

काका, आता माझी पाळी. गेल्या रविवारी मी मुलांना म्हटलं, या आठवड्यात वाडीत जे नवीन दिसलं ते काढा. ओमनं एक पांढरी गाडी काढली, आपल्या फणसाखाली उभी. दोन माणसं फीत धरून उभी आहेत. फीत तुमच्या पडवीच्या खांबापासून सुरू होते. मी तेव्हा शाळेत होते आणि आई रानात. येसाजीबाबांना विचारलं तर म्हणाले, "आलं व्हतं कोण तरी. तुज्या काकाला, सयाजीला इचार, मला कशाला इचारतंस गो?"

म्हणून विचारते. कोण होती ती माणसं?

सेजल

---

विक्रोळी
२० जानेवारी २०२५

चि. सेजल,

वा! लहान मुलं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात, हे कोणी लिहिलं होतं? माझ्या घरात माणूस बसलेला काढला तर तो पोरीच्या डोक्यातला, आणि माझ्या दारात गाडी काढली तर ती खरी? ओमच्या डोक्यातली गाडी असेल. पोरांना गाड्या आवडतात. रिकामं अंगण त्याच्यानं ठेववलं नसेल.

चोराच्या मनात चांदणं. मी काही कोणाला पाठवलं नाही.

माणूस काढायचा प्रयत्न चालू आहे. सोसायटीचा वॉचमन हलतो फार.

काका

---

पळसमाची
२७ जानेवारी २०२५

ती. काका,

ओमनं गाडीचा नंबर काढलाय. एम एच बारा. पुढचे आकडेही आहेत, त्यातला चार त्यानं उलटा काढलाय. आपल्या रायगडाचा सहा नंबर त्याला पाठ आहे, एसटी सोडून सगळ्या गाड्यांवर तो सहाच काढतो. बारा त्यानं बघितल्याशिवाय काढला नाही.

मी अर्धंच सांगितलं होतं, चूक माझी. ओळखीचं असतं ते मूल डोक्यातून काढतं. पण पहिल्यांदाच बघितलेली गोष्ट, जिचं चित्र डोक्यात तयार नसतं, ती ते डोळ्यानं काढतं. ती जशी दिसली तशीच येते, कितीही वेडीवाकडी येवो.

पुण्याची माणसं होती ना? तुमचा वाटा विकताय का? मग मुलं बसतील कुठं, एवढं तरी सांगा. सप्टेंबरात तिघं एलिमेंटरीला बसणार आहेत. नवा मालक पहिल्या दिवशी पडवीला जाळी ठोकेल. आणि मधल्या भिंतीच्या पलीकडे परकं माणूस येऊन बसलं तर आई या घरात कशी राहील?

सेजल

---

विक्रोळी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सेजल,

हो. विकतोय.

लपवलं, कारण तुझ्या आईचा आवाज टाकीपाशी उभा राहिला की विक्रोळीपर्यंत येतो. पुण्याची पार्टी आहे. महाबळेश्वरला जाणाऱ्या लोकांना मधे राहायला खोल्या बांधायच्यात. तळीयेची दरड कोसळल्यापासून डोंगरातल्या जागेचं नाव काढलं की माणसं पाठ फिरवायची, आत्ता कुठं गिऱ्हाईक आलंय. शिमगा झाला की पोलादपुरात बसून इसार करायचा ठरलंय.

तू म्हणशील, काका दुष्ट आहे. पण मला सांग, मी ते घर कोणासाठी ठेवू? गणपतीत चार दिवस जातो, कोळिष्टकं काढतो आणि परत कुलूप लावतो. दोन शिमगे झाले, पालखी माझ्या बंद दारापुढं न थांबता पुढं जाते, हे येसाजीनं मला मुद्दाम सांगितलं. मुलगा नाशिकला. तो काही त्या दाराशी येऊन उभा राहणार नाही. पडवीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

अभ्यासाचं एक विचारायचं होतं. तुझ्या वर्गातली मुलं माणूस पाठीमागून काढायला कधी शिकतात?

काका

---

पळसमाची
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

तुमच्यावर रागावून उत्तर लिहिणार नव्हते. पण अभ्यासाचा प्रश्न विचारलात आणि मास्तरीण जागी झाली.

लहान मुलं माणूस पाठीमागून काढतच नाहीत. माणूस म्हणजे दोन डोळे आणि हसणारं तोंड. पळणारा माणूस असो, झाडावर चढणारा असो, तोंड आपल्याकडे. अगदी नांगर धरलेला शेतकरीसुद्धा मान वळवून आपल्याकडे बघत असतो. मी पाठवलेल्या गठ्ठ्यात बघा. पाठमोरं काढायला मोठ्या मुलांनाही समोर माणूस बसवून शिकवावं लागतं, कारण डोक्यात तो आकारच नसतो.

घराचा मात्र विचार करा. इसार केल्यावर विचार करून काय उपयोग? हात जोडते.

सेजल

---

विक्रोळी
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सेजल,

गठ्ठा बघितला. सगळा बघितला, चष्मा पुसून. जेवढी माणसं आहेत त्यांची तोंडं माझ्याकडे. एक सोडून.

आता कसं कळलं ते सांगतो. महिन्याच्या सुरुवातीला केस कापायला गेलो होतो. माझ्या आधी एक गिऱ्हाईक खुर्चीत होतं. तू सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्याला काढत बसलो. नाक-डोळ्यांच्या मागं लागू नका म्हणालीस, आणि पाठीमागून नाक-डोळे दिसतही नव्हते. डोक्याच्या जागी नुसते केस, काळा गोळा आला. कागद लांब धरला आणि हा माणूस मी आधी कुठंतरी बघितलाय असं वाटलं. केस न कापताच उठलो. न्हावी मागून हाका मारत होता.

घरी येऊन अक्षदाचं चित्र गठ्ठ्यातून बाहेर काढलं. तोंड काळं नाही. ते डोकं आहे, मागून. तेलखडू गिरगटलेला नाही. पोरीनं केस काढलेत, नीट वरून खाली. माणूस पाठमोरा बसून जेवतोय. आणि पाठमोरा माणूस मूल बघितल्याशिवाय काढत नाही, हे तुझ्याच हातचं आता माझ्याकडे लिहून आलंय. त्यासाठीच विचारलं होतं. कँटीनच्या स्टोअरमधली जुनी सवय.

आणखी एक. तुझ्या आईचे खांदे तिनं पट्टीनं आखल्यासारखे सरळ काढलेत. पण माझ्या खोलीतल्या माणसाचा डावा खांदा खाली आहे. चांगला बोटभर खाली. कबड्डीत पडून खांदा निखळलेला आणि वैदूकडे नेऊन वाकडा बसलेला पोरगा आपल्या घराण्यात एकच आहे. त्याला उचलून रिक्षात मीच घातला होता.

तू शपथ घेतलीस ती परत वाचली. भाडेकरू नाही, अशी घेतलीस. कोणी नाही, अशी घेतली नाहीस. शाबास. ताकाला जाऊन भांडं लपवायला तू कोणाकडून शिकलीस ते मला ठाऊक आहे, ती चुलीपाशीच बसलीये चित्रात.

मी त्याला तोंड दाखवू नकोस म्हणालो होतो. पोरीनं पाठ काढली. चार दिवस मी त्या पाठीकडे बघतोय.

नाव लिहू नकोस. तो कधीपासून आहे आणि काय खातो तेवढं कळव.

काका

---

पळसमाची
२७ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

गणपतीला तुम्ही कुलूप लावून गेलात त्यानंतर तो आला. नाशिकला कधीच गेला नव्हता, अश्विनला तसं सांगायला लावलं होतं. बिरवाडीजवळ एका कंपनीत पॅकिंगला आहे. आठवडाभर तिथं खोलीत राहतो आणि शनिवारी इकडं येतो. मागच्या दाराची किल्ली आईनं दिली. मी नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "पोर सोताच्या घराभायेर उभा ऱ्हायला तर लोकं काय म्हनतील?"

त्यानं आमच्याकडून वचन घेतलं होतं. पायावर उभा राहीन तेव्हा मीच बाबांना सांगेन, म्हणाला. तुम्हाला कळलं तर त्या दिवशीच घर काढून टाकाल, ही त्याची भीती. आणि खरंच तुम्ही तेच करायला निघालात. पांढऱ्या गाडीचं त्याला सांगितलं. त्या रविवारी त्यानं कौलं शाकारायला घेतली होती, ती शाकारत राहिला. मी खालून म्हटलं, "दादा, कशाला आता?" तर म्हणाला, "पावसात गळेल ना. कुणाचं पण असो."

अक्षदा कोंबडीमागं धावत परसात गेली होती. मागच्या खिडकीतून तिनं त्याला जेवताना बघितलं असणार. मी चित्र नीट न बघता गठ्ठ्यात वर ठेवलं. मुलांना सांगत असते, बघा, नीट बघा, आणि मीच बघितलं नाही.

भात, नाचणीची भाकरी, आई करते ते सगळं खातो. सुकटीची चटणी असली की जास्त खातो. आई समोर बसली की बोलतो, नाहीतर पाठ मागच्या दाराकडे करून जेवतो. विचारलं तर म्हणतो, सवय झाली.

आता तुम्ही काय कराल ते करा. मी खोटं बोलले त्याची शिक्षा वर्गाला देऊ नका.

सेजल

---

विक्रोळी
५ मार्च २०२५

चि. सेजल,

आशीर्वाद. पहिल्या पत्रात राखून ठेवले होते तेही यात धर.

पुण्याच्या पार्टीला कळवलं. म्हटलं, घर रिकामं नाही, माणूस राहतो. तो म्हणाला, आधी का नाही सांगितलं? म्हटलं, मलाच आधी दिसलं नाही. बराच वेळ बडबडत होता. मला फोनवर नीट ऐकू येत नाही.

तुझ्या आईवरचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. सुकटीची चटणी मी गणपतीत मागितली तेव्हा "संपली" म्हणाली होती. संपली नव्हती, राखून ठेवली होती, हे मी आता समजून आहे. तिला सांग, वाट्यांचा हिशेब मिटला, चटणीचा राहिलाय.

पुढच्या दाराची किल्ली चिंधीत शिवून रजिस्टरनं पाठवली आहे. गंजलेल्या कुलपात आधी तेल घाला. दार उघडा, मागून नाही, पुढून. पालखी येईल तेव्हा ते उघडं पाहिजे आणि दारात घरचा माणूस पाहिजे. अक्षदानं दार उघडं काढलंय, आपण ते उगाच खोटं पाडायला नको. पडवी तुझ्या वर्गाची. जाळी लागणार नाही.

आता अभ्यास. सोबत एक कागद आहे, तपासून दे. त्याला काढायला बसलो होतो, समोरून. दोन दिवस बसलो. कान आले, केस आले, खांदा तर असा उतरलाय की तू बघत राहशील. तोंड आलं नाही. काढतो आणि दहावीतला पोरगा येतो. खोडून परत काढतो तर भांडणाच्या दिवसाचा, दारात उभा राहिलेला. दोन्ही आता त्याचे नाहीत. भुवईवर एक व्रण होता, तो डावीकडे की उजवीकडे तेही मला सांगता येईना. माझ्या कपाचा टवका मला सांगता आला नव्हता तसंच. कागदाला भोक पडलंय त्याबद्दल रागावू नकोस, ते खोडून खोडून पडलंय.

तेव्हा डोक्यातून काही जमत नाही, माणूस समोरच पाहिजे. होळीच्या आदल्या दिवशीच्या गाडीनं येतो. पेन्सिल माझी आणतोय. विनीतला सांग, पडवीत उजेडाकडे तोंड करून बसायचं. आणि म्हणावं, मला वेळ लागतो, तेवढा वेळ हलायचं नाही.

काका